आपल्या गाण्याला मत नाही

काल संदीपने माळ्यावरून कूलर खाली उतरवला. जाळीतलं जुनं वूड वूल उपसून फेकलं, नवीन भरलं, टाकीत पाणी सोडलं आणि बटण दाबलं. पहिली हवा आली ती ओल्या लाकडाच्या वासाची. आमच्याकडे ऊन मार्चपासूनच तापतं, पण हा वास घरात शिरला, की मी मनात म्हणते, आला बाई उन्हाळा.

तेवढ्यात खाणावळीतल्या टीव्हीवर जाहिरात लागली. देशाचं गाणं निवडणं पुन्हा सुरू होणार आहे म्हणे. मी हातात परात घेऊन तशीच उभी राहिले.

"काय पाहून राहिली वं आई?" संदीपने विचारलं.

"काही नाही रे बाबू."

काही नाही कसं? दोन वर्षांपूर्वीचा अख्खा उन्हाळा डोळ्यांसमोरून गेला. दुपारी खाणावळ निवांत झाली तेव्हा वाटलं, आठवतो आहे तोवर लिहून ठेवावा. कोणाला दाखवायचा नाही. मला बोलता येत नाही तेवढं लिहिता येतं, म्हणून.

वाडीला, अमरावती रोडच्या कडेला आमची खाणावळ आहे. पुढे पत्र्याचं शेड आणि बाकं, मागे स्वयंपाकघर, वर राहायच्या खोल्या. भोवती गोदामंच गोदामं. कुठकुठले ट्रक येऊन उभे राहतात, माल उतरतो, दुसरा चढतो, तोवर ड्रायव्हर आमच्याकडे जेवतात. संदीपचे बाबा गेल्यापासून पुढचं सगळं संदीप बघतो. मी मागे. मला चार लोकांत तोंड उघडायचं म्हणजे घाम फुटतो. शाळेत होते चौथीपर्यंत, तेव्हाही बाईंनी काही विचारलं, की उत्तर येत असूनही मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसायची.

पल्लवी माझी सून. कळमेश्वरची. तिचे बाबा चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमांत गायचे आणि ही लहानपणापासून त्यांच्या मागे बसून साथ द्यायची. तिचा आवाज बारीक नाही. जाडसर दळलेल्या पिठासारखा आहे, बोटांना लागतो असा. लग्नाच्या आधी ती एका ऑर्केस्ट्रात विचारायला गेली होती. त्यांनी दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाले, ताई, पुरुषाचं गाणं म्हणणार का? ती हसतहसत सांगायची हे. पण हसणं कुठे संपतं ते मला दिसायचं.

आमच्याकडे ती पोळ्या लाटताना गायची. मी भाजी चिरत असायची. दोघींत फार बोलणं नसायचं. सासू-सुनांनी काय बोलायचं ते मला आधीच ठाऊक नव्हतं, त्यात माझा स्वभाव असा. ती गायची आणि मी ऐकायची, हेच आमचं बोलणं. तिच्या गाण्याच्या ठेक्यावर माझी सुरी चालायची. कधी ती थांबली, की माझे कांदे जाड व्हायचे.

त्या वर्षी एका दुपारी, रस्त्यावर डांबर मऊ झालेलं, एक झाडूवाली आमच्या भिंतीला टेकून उभी राहिली. भिंतीच्या कडेला हातभर सावली होती, तेवढ्यात तिने स्वतःला सामावून घेतलं होतं. मला खिडकीतून दिसत होती. हाक मारावी, पाणी विचारावं असं वाटत होतं, पण जीभ उचलेना. शेवटी मी पल्लवीच्या हातात पाण्याचा गडवा दिला आणि नुसतं खिडकीकडे बघितलं. ती गेली, पाणी देऊन आली, पुन्हा लाटायला बसली. थोड्या वेळाने तिच्या तोंडून आलं,

"भिंतीले टेकली दुपार, वं माय,
तिले पानी द्या कोनी..."

चाल तिचीच. 'कोनी' म्हणताना कोणालाही वाटेल, की आता आवाज वर जाणार. तो जात नाही. खाली उतरतो, पायरीवर बसावं तसा. त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला, एवढ्या उन्हात.

देश गाणं कसं निवडतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. कोणाला माहीत असतं? परदेशात कुठेतरी देशादेशांची गाणी एका मंचावर म्हणतात आणि सगळे मिळून एक निवडतात. त्यासाठी प्रत्येक देशाने आपलं एकच गाणं पाठवायचं. आता आपला देश एवढा मोठा, त्याने एक गाणं काढायचं म्हणजे काय! मी घरात उद्याची भाजी ठरवते, तर संदीपला वांगं नको, पल्लवीला दोडकं नको. पण त्यांनी रीत लावली होती. देशाचे भाग पाडायचे. प्रत्येक भागातून एक गाणं घ्यायचं, नवीन, सिनेमातलं नाही, तीन मिनिटांत संपणारं. मग ती सगळी गाणी दिल्लीला. तिथे अर्धं परीक्षकांनी ठरवायचं, अर्धं लोकांनी फोनवरून.

पल्लवीचं नाव संदीपने दिलं, तिला न विचारता. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग एका सकाळी पोळी तव्यावर टाकत मला म्हणाली, "आई, जातो मी. एकदाचं सांगून टाकू दे सगळ्यायले, हा आवाज चांगला आहे का नाही. नाही म्हटलं तं मी गाणं सोडलं. मंग मले कोणी म्हण म्हणून म्हणू नका. तुम्हीबी नाही."

मी मान हलवली. ती देशासाठी गाणार म्हणून लोक आनंदले होते. मला धाक पडला होता, की माझ्या स्वयंपाकघरातलं गाणं देशाच्या हातात गेलं.

आमच्या भागाची निवड शहरात, रामदासपेठेत एका हॉलमध्ये झाली. आत इतका गारवा, की बाहेरच्या उन्हाचं खोटंच वाटावं. मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन शेवटच्या रांगेत बसले. एकेक मुलगी यायची, पांढरी, निळी, चमकणारी, आणि आवाज असे, की काचेवरून पाणी ओघळावं. पल्लवी आली तिच्या साध्या जांभळ्या साडीत. माइक तिने जरा दूर सरकवला. गाणं झालं तेव्हा टाळ्या लगेच आल्या नाहीत. लोक त्या शेवटच्या सुरासोबत खाली उतरले होते, त्यांना वर यायला वेळ लागला. मग आल्या. एक परीक्षक म्हणाले, "आवाज घासलेला आहे. आणि हे गाणं घासलेल्या आवाजाचंच आहे."

निवडलं. पल्लवीने मागे वळून मला शोधलं. मी हात वर करायला हवा होता. मी पदराच्या टोकाला गाठ मारत बसले होते.

वाडीत मग काय विचारता. आमच्या शेजारी शोभाबाई राहतात. त्यांचा आवाज आणि त्यांची मतं दोन्ही रस्त्यापलीकडे ऐकू जातात. त्यांनी सगळी गल्ली ताब्यात घेतली. "हे पाहा वं बायांनो, पल्लवीच्या गाण्याचा नंबर हा. पाठ करून ठेवा. जिच्या फोनवरून मत नाही गेलं, तिच्या घरी मी हळदीकुंकवाले पाय ठेवणार नाही."

"आमच्या घरी हळदीकुंकू नसतेच," पल्लवी म्हणाली.

"तं मंग तुह्या घरी चहाले येणार नाही. झालं?"

संदीप आणि पल्लवी दिल्लीला गेले. खाणावळ बंद ठेवून चालत नाही, म्हणून मी राहिले. शोभाबाई मदतीला आल्या. कार्यक्रम संध्याकाळी होता. सहा वाजताही ऊन ओसरलं नव्हतं, कूलर घरघरत होता, आणि शेडमध्ये अर्धी गल्ली आणि ड्रायव्हर लोक एकाच टीव्हीसमोर दाटीवाटीने बसले होते.

त्यात सेल्वम होता. हा तिकडे दक्षिणेतल्या सेलमचा, साबुदाणा घेऊन येतो. उपासाचे दिवस जवळ आले, की त्याच्या फेऱ्या वाढतात. पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा मी फार धीर करून विचारलं होतं, "वरून सांबार टाकू?" तो इतका खूश झाला, की दोन्ही हात जोडले. मी भाजीवर कोथिंबीर पेरली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. तो बराच वेळ ताटाकडे बघत राहिला. तेव्हापासून मला अम्मा म्हणतो.

पल्लवीचं गाणं झालं. शेडमध्ये इतका आवाज, की धड ऐकूही आलं नाही. सगळ्यांची गाणी झाल्यावर मतं सुरू झाली आणि गल्ली तुटून पडली. फोन लावायचा, एक रिंग गेली, की कापायचा. पुन्हा लावायचा. आमच्या गल्लीत फोनची रीतच ती आहे. भाजी आली, मिस कॉल. खाली ये, मिस कॉल. पोचलो, मिस कॉल. कोणी उचलायची वाट बघतच नाही. शोभाबाई तर दोन हातांत दोन फोन घेऊन बसल्या होत्या. "माह्ये किती झाले ते मोजाच नका," म्हणाल्या.

मीही संदीपच्या बाबांचा जुना फोन काढला. हळूहळू आकडे दाबले. पलीकडून एक बाई बोलायला लागली. नमस्कार म्हणाली. यंत्रातली होती, हे मला कळत होतं. पण कोणी बोलत असताना फोन ठेवणं मला जमत नाही. मी कान देऊन उभी राहिले. ती शांतपणे, गोड आवाजात म्हणाली, आपला फोन ज्या भागातला आहे, त्या भागाच्या गाण्याला आपल्याला मत देता येणार नाही. कृपया दुसऱ्या कोणत्याही गाण्याचा नंबर लावा.

मी पुन्हा लावला. पुन्हा तेच.

शेड दणाणत होतं. बायका फोन लावत होत्या, कापत होत्या, हसत होत्या, आणि त्यातलं एकही मत दिल्लीला पोचत नव्हतं. हे फक्त मला माहीत होतं. मला. ज्या बाईला झाडूवालीला हाक मारता येत नाही तिला. मी शोभाबाईंचा पदर ओढला. त्यांनी झटकला. पुन्हा ओढला.

"काय वं संदीपची आई? काहून ओढून राहिली?"

मी फोन त्यांच्या कानाला लावला आणि धरून ठेवला. त्या कापायला गेल्या तर मी त्यांचा हात पकडला. कुठून आला एवढा जोर कोणास ठाऊक. त्यांनी ऐकलं. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

"अवं माय! बंद करा! बंद करा सगळ्या! आपलं आपल्याले चालत नाही!"

कोणीतरी म्हणालं, हा कोणता नियम? आपल्या पोरीले आपण नाही तं काय शेजारचे देणार? मग शोभाबाईंची नजर फिरली, आणि ती ड्रायव्हर लोकांवर जाऊन थांबली. ज्या भागाचं सिम, त्या भागाचं मत. पंजाब, बंगाल, राजस्थान, सेलम, सगळे समोर बसून आमच्या पोळ्या खात होते.

"ए भाऊ! भैया! अण्णा! तुम्हारा फोन निकालो!"

पंजाबवाला हसून म्हणाला, "निकाल लेंगे, माताजी. पर पहले गाना तो सुनने दो. आप लोगों के शोर में कुछ सुना ही नहीं."

"गाना क्या सुनना, घर की बहू है हमारी!"

"आपकी है," सेल्वम म्हणाला. "हमको तो सुनना पड़ेगा."

खरं होतं त्याचं. टीव्हीवर सगळ्या गाण्यांचे तुकडे पुन्हा दाखवत होते. शोभाबाईंनी स्वतः सगळ्यांना गप्प केलं, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच शेडमध्ये कोणी काही ऐकलं. पल्लवीचं ऐकलं. आणि मग दुसऱ्यांचीही ऐकावी लागली, कारण आता आम्हालाही दुसऱ्याच कोणाला तरी द्यायचं होतं. तोवर मला ती सगळी गाणी पल्लवीच्या वाटेतले दगड वाटत होती. आता एकेक माणूस होऊन समोर यायला लागली. एक म्हातारा होता वाळवंटाकडचा, एक ढोल बडवणारी पोरं. आणि एक मुलगी होती डोंगराकडची. हातात दोन तारांचं लहानसं वाद्य. भाषेचा एक शब्द कळला नाही. पण ती कोणालातरी घरी बोलावत होती. अंधार पडायच्या आत ये, असं. ज्याला बोलावते तो येणार नाही, हे तिला माहीत असावं. मला झाडूवाली आठवली, आणि शाळेतल्या बाई आठवल्या, आणि हे आठवले. जोरात हाक मारता येत नाही अशा माणसाची ती हाक होती.

सगळे आपापल्या फोनमध्ये गुंतले होते. मी मागे स्वयंपाकघरात गेले आणि तिचा नंबर लावला. ती यंत्रातली बाई म्हणाली, आपलं मत मिळालं, धन्यवाद. मतदान केंद्रावर बोटाला शाई लावतात तेव्हाही मला कोणी असं धन्यवाद म्हटलेलं नाही.

बाहेर येऊन मी सेल्वमला विचारलं. म्हणजे नुसत्या भुवया उचलल्या. तो म्हणाला, "वोट बताने का नहीं होता, अम्मा."

डोंगराकडच्या मुलीचं गाणं निवडलं गेलं. पल्लवी तिच्या मागे उभी राहून टाळ्या वाजवताना दिसली, एक क्षण. बाकीची गाणी कितवी आली ते कोणी सांगितलंच नाही. पहिलं तेवढं सांगितलं आणि दिवे, फुलं, कागदाच्या चमक्या. जिने एवढ्यासाठी सगळं केलं, की एकदाचं कळावं, तिला काहीच कळवलं नाही.

ती परत आली त्या दुपारी मी पन्हं करून ठेवलं होतं. तिने घोटभर घेतलं. "झालं आई. सांगून टाकलं त्यायनं," म्हणाली.

माझ्या मनात होतं, की सांगितलं कुठे, गप्प राहिले ते. गप्प राहणं म्हणजे नाही म्हणणं नसतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार. पण ते मला तेव्हा मांडता आलं नाही. मी एवढंच बोलले, "आपलं आपल्याले चालत नव्हतं. मी त्या डोंगराच्या पोरीले दिलं."

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, रागावली. तर ती पहिल्यांदा जराशी हसली. "मागं बसून तिचंच ऐकत होती मी. माह्या हातात फोन असता तं मीबी तिलेच दिलं असतं." मग ग्लास विसळून ठेवला आणि लाटायला बसली.

लाटणं चालू. तवा चालू. गाणं नाही.

तो उन्हाळा मला असाच आठवतो, आधी आवाजाचा आणि मग बिनआवाजाचा. लाटण्याचा पोळपाटावर घासल्याचा आवाज इतका मोठा असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. कूलर बंद करायचे दिवस आले तरी मी तो चालू ठेवायची, काहीतरी घरघरत राहावं म्हणून. मी वचन दिलं होतं, म्हण म्हणून म्हणणार नाही. संदीपने एकदा विषय काढला, तर ती ताट ठेवून उठून गेली. शोभाबाई येऊन म्हणाल्या, "काय वं पल्लवी, देशानं नाही घेतलं तं गल्लीनं काय घोडं मारलं?" ती म्हणाली, "काकू, चहा घेता का?" इतकंच.

जूनच्या शेवटी परदेशातला तो मोठा कार्यक्रम झाला. गल्ली पुन्हा शेडमध्ये जमली. त्या डोंगराच्या मुलीला आता सगळे आपलीच म्हणत होते. शोभाबाईंनी आधीच जाहीर केलं, "कोणी आपल्या देशाले फोन लावू नका. तिथंही तोच नियम आहे. आपलं आपल्याले चालत नाही." आणि मग ज्या देशाचं नावही कोणाला नीट घेता येईना, त्याच्या गाण्यावरून दोन बायकांचं भांडण झालं. कोणतं जास्त चांगलं यावरून. मला फार बरं वाटलं ते भांडण ऐकून. पल्लवी आत पीठ मळत होती. डोंगराची मुलगी गायला लागली तेव्हा तेवढी दारात येऊन उभी राहिली, आणि गाणं संपताच परत गेली.

श्रावण तोंडावर आला आणि साबुदाण्याचे ट्रक सुरू झाले. एका दुपारी सेल्वम आला. शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. मी ताट नेऊन ठेवलं. तो भात कालवत होता आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होता. मी मागे वळले आणि पाय थांबले. चाल पल्लवीची होती. शब्द नव्हते, त्याला कुठून येणार? नुसतं ना ना ना. सेलमपर्यंत गेलेलं आणि सेलमहून आलेलं, ट्रकमध्ये धक्के खाऊन थोडं वाकलेलं. आणि 'कोनी' जिथे येतं तिथे तो वर गेला. सरळ वर, देवळाच्या शिखरासारखा.

आत लाटणं थांबलं.

तो पुन्हा सुरुवातीपासून गुणगुणला. पुन्हा तिथे वर.

पल्लवी दारात आली. कोपरापर्यंत पीठ. तिने आधी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं, माझी सवयच ती. मग ती त्याला म्हणाली, "भैया, वहाँ ऊपर नहीं जाना."

"फिर?"

"नीचे. ऐसा."

आणि तिने म्हणून दाखवलं. सुरुवातीला आवाज फाटला, तिने तो तसाच पुढे नेला, आणि तो खाली उतरून बसला, जिथे बसायचा तिथे. सेल्वम मान हलवत ऐकत होता, हातातला घास हातातच. "अच्छा, अच्छा," म्हणाला, आणि पुन्हा म्हणायला गेला तर पुन्हा वर.

"अरे बाबा, नीचे!" पल्लवी बाकावर येऊन बसली. या वेळी तिने पूर्ण गाणं म्हटलं, शब्दांसकट.

तिसऱ्यांदा तो चुकला तेव्हा मला शंका आली, की हा मुद्दाम चुकतो आहे. मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला.